ठाण्याचा लेखनिक आणि फिर्यादीची भाषा

मराठ्यांच्या इतिहासाची साधने ज्यांनी परिश्रमाने गोळा केली, त्यांचे लक्ष तह, सनदा, राजपत्रे आणि बखरी यांच्याकडे अधिक गेले, हे स्वाभाविकच होते. चावडीवरचा कागद त्या मानाने उपेक्षित राहिला. पोलीस ठाण्यातील नोंदवही हा तर वाङ्मयाच्या अभ्यासकांचा विषयच नव्हे, असे कोणी म्हणेल. आमचे मत निराळे आहे. सामान्य मनुष्याच्या तोंडचे बोलणे राज्यसंस्थेच्या दप्तरात ज्या थोड्या जागी शिरते, त्यांपैकी ठाणे ही एक प्रमुख जागा होय. ते बोलणे कागदावर उतरविणारा मनुष्य बहुधा खात्याच्या खालच्या पायरीवरचा असतो. कोठे त्यास मुन्शी म्हणतात, कोठे मोहरीर. आपल्याकडे लेखनिक, अथवा बोलीत रायटर. त्याचा हात कोणकोणत्या नियमांनी बांधला गेला आणि कोणत्या एका बाबतीत मोकळा राहिला, हे येथे पाहावयाचे आहे. महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे राहणाऱ्या आपणा मराठी भाषकांचा संबंध मुख्यतः त्या मोकळ्या राहिलेल्या बाबीशी येतो.

पेशवाईतील पुण्याची कोतवाली हे आपल्याकडील नागरी पोलीस दप्तराचे ठळक उदाहरण. कोतवालाकडे केवळ चोरांचा बंदोबस्त नव्हता. पेठांतील तंटे, जिनसांचे भाव, घरांची व जागांची खरेदी-विक्री, रस्ते व गल्ल्या, शहरातील माणसांची गणती आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ही सारी कामे त्याच्या अधिकारात येत. डॉ. सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या राज्यकारभारावरील आपल्या १९२३ च्या ग्रंथात या कामांची मांडणी केलेली आहे. एवढी नोंद ठेवावयाची म्हणजे कारकुनांचा चांगला मोठा ताफा हवा. १७७७ पासून १७९१ मधील त्याच्या भीषण अंतापर्यंत ज्याचे नाव या कोतवालीशी जडले, त्या घाशीरामावर मोरोबा कान्होबांनी १८६३ साली पुस्तक लिहिले आणि १९७२ साली विजय तेंडुलकरांच्या नाटकाने त्यास देशभर पोहोचविले. त्याच्या चावडीवर मोडीत कलम चालविणाऱ्या कारकुनांचे नाव मात्र कोणी विचारीत नाही. नाटकास ते उपयोगाचे नाहीत, हे खरे, इतिहासास आहेत.

खेड्यात व्यवस्था याहून साधी आणि आमच्या मते अधिक अर्थपूर्ण होती. अधिकार पाटलाचा, लेखणी कुलकर्ण्याची. गुन्ह्याची खबर पाटलाकडे जाई आणि कागद कुलकर्ण्याच्या हातून होई. ज्याच्या नावाने कागद निघतो तो एक आणि कागदात काय लिहावयाचे ते ठरविणारा दुसरा, ही फाळणी येथेच दिसू लागते. इंग्रजी अमलातही ती मिटली नाही. मुंबई इलाख्याने १८६७ साली गावपोलिसांचा कायदा करून पाटलाच्या पोलिसी अधिकारास नवा आधार दिला. पण अक्षरओळख कायद्याने येत नाही. अज्ञानी शेतकऱ्यास लिखापढी करणाऱ्या वर्गाकडून जी नाडणूक सोसावी लागे, तिचे जळजळीत चित्र जोतीराव फुल्यांनी १८८३ साली पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात रेखाटले आहे. त्यांच्या भाषेची धार कोणास सोसो वा न सोसो, ज्याला वाचता येत नाही त्याच्या नावावर काय लिहिले जाते हा त्यांचा प्रश्न खोटा ठरविता येत नाही.

१८६० च्या पोलीस आयोगानंतर १८६१ चा पाचवा कायदा आला, आणि ठाण्याच्या लेखनास प्रथमच सर्वसाधारण कायद्याचे रूप मिळाले. त्याच्या ४४ व्या कलमाने ठाण्याच्या अधिकाऱ्यावर रोजनिशी ठेवण्याचे बंधन घातले. आलेल्या तक्रारी, पकडलेल्यांची नावे, फिर्यादींची नावे, आरोप, जवळ सापडलेली हत्यारे व माल, तपासलेले साक्षीदार हे सर्व तीत यावयाचे. मुंबई इलाख्याने १८६७ साली आपला स्वतंत्र जिल्हा पोलीस कायदा केला; परंतु १८६१ सालीच झालेली फौजदारी प्रक्रियेची संहिता दोहोंकडे चालली. तक्रार लिहून घ्यावी व तिचा सारांश रोजनिशीत नोंदवावा, एवढेच आरंभी तीत होते. पुढच्या संहितांतून त्यात भर पडत गेली आणि १८९८ च्या संहितेतील १५४ व्या कलमात तिला कायम आकार आला. दखलपात्र गुन्ह्याची खबर तोंडी दिली असता ठाण्याच्या अधिकाऱ्याने ती स्वतः लिहावी अथवा आपल्या निर्देशाखाली लिहवून घ्यावी, खबर देणाऱ्यास वाचून दाखवावी, त्याची सही घ्यावी आणि सारांश नेमून दिलेल्या वहीत नोंदवावा, असा त्याचा आशय आहे.

‘आपल्या निर्देशाखाली’ या दोन शब्दांत आमचा लेखनिक उभा आहे. कायद्याने त्याचे नाव घेतलेले नाही, पण तो आहे हे कायद्यास पक्के ठाऊक आहे. म्हणूनच तर वाचून दाखविण्याची अट. अधिकाऱ्यानेच लिहावे आणि तो विश्वासाचा असावा, अशी खात्री असती तर वाचून दाखविण्याची गरज काय होती? पोलिसांच्या लेखणीविषयीचा हा अविश्वास अन्यत्रही दिसतो. पोलिसांपुढील कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालू नये, हे तत्त्व १८६१ च्या संहितेत आले व १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या २५ व्या कलमात स्थिरावले. तपासात घेतलेल्या जबाबावर जबाब देणाऱ्याची सही घेऊ नये, असाही नियम झाला. वरवर पाहता यात विसंगती दिसेल. फिर्यादीवर सही हवी आणि साक्षीदाराच्या जबाबावर नको! पण कारण एकच आहे. पहिल्या ठिकाणी लेखनिकाने कमी लिहिण्याचे भय आहे, दुसऱ्या ठिकाणी जास्त लिहिण्याचे.

ते भय निराधार नव्हते. सर अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखालील १९०२-०३ च्या पोलीस आयोगाने ठाण्यातील लाचलुचपतीचे वर्णन करताना, तक्रार नुसती नोंदवून घेण्यासाठीही फिर्यादीस पुष्कळदा पैसे मोजावे लागतात, हे स्पष्टपणे सांगितले. पुढे १९७३ च्या संहितेने फिर्यादीस नोंदीची प्रत तात्काळ व विनामूल्य देण्याची तरतूद केली आणि नोंद नाकारल्यास जिल्ह्याच्या अधीक्षकाकडे खबर टपालाने पाठविण्याची वाट मोकळी करून दिली. १२ नोव्हेंबर २०१३ रोजी ललिता कुमारी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असा निर्णय दिला की, दखलपात्र गुन्हा उघड होत असेल तर नोंद करणे ऐच्छिक नाही, अनिवार्य आहे. १८६१ पासून कायद्यात असलेली गोष्ट दीडशे वर्षांनी न्यायालयास पुन्हा सांगावी लागली, यावरून व्यवहार काय असेल त्याची कल्पना येईल.

आता भाषेकडे वळू. ठाण्याच्या मराठीची टिंगल करण्याची आपणा सुशिक्षितांस सवय आहे. तिचा अभ्यास मात्र क्वचितच झाला. ‘समक्ष ठाण्यात हजर राहून फिर्याद देतो की’ येथून जी फिर्याद सुरू होते आणि ‘माझे सांगण्याप्रमाणे बरोबर आहे’ येथे जी संपते, तिचा साचा पिढ्यान् पिढ्या एका लेखनिकाकडून दुसऱ्याकडे आला आहे. शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचून फारसी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द योजण्याचा मोठा प्रयत्न झाला. ठाण्याच्या उंबरठ्याच्या आत तो फारसा पोहोचला नाही. ‘ठाणे’ हा शब्द ‘स्थाना’पासूनचा, पण आत शिरले की अंमलदार, हवालदार, पंचनामा, जबानी, मुद्देमाल, मजकूर, सदर हीच मंडळी भेटतात. त्यांत दोन शब्द विचार करण्याजोगे आहेत. फारसीत ‘फर्याद’ म्हणजे मदतीसाठी फोडलेला टाहो. आपण त्याचा कागद केला. दुसरा शब्द ‘इसम’. अरबीत ‘इस्म’ म्हणजे नाव. ज्याचे नाव ठाऊक नाही अशा माणसास आपले लेखनिक ‘अनोळखी इसम’ म्हणतात, म्हणजे शब्दशः ‘अनोळखी नाव’! भाषेचा हा खेळ कोणी ठरवून केलेला नाही. पण टाहोचा कागद होताना आणि नावाचा निनावी मनुष्य होताना जे काही घडते, तेच थोड्याफार फरकाने ठाण्यातील प्रत्येक लेखनात घडत असते. बाजारात गळ्यातले हिसकावले गेलेली स्त्री ‘माझं डोरलं गेलं हो’ म्हणते. लेखनिक लिहितो, ‘एक सोन्याचे मंगळसूत्र, वजन अंदाजे इतके, किंमत अंदाजे इतकी, जु. वा.’, म्हणजे जुने वापरते. यात लेखनिकाचा दोष नाही. न्यायालयास वजन व किंमत लागते, डोरल्याशी त्यास कर्तव्य नसते. परंतु ती स्त्री पुढे साक्षीस उभी राहिली आणि ‘वजन मी सांगितलेच नव्हते’ असे म्हणाली, म्हणजे उलटतपासणी करणारा वकील तेच वाक्य धरून बसतो.

ही झाली एकाच भाषेतील उलथापालथ. भाषा बदलली म्हणजे काय होत असेल? निजामी राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फारसीची जागा उर्दूने घेतली. मराठवाड्याच्या खेड्यातील मनुष्य मराठीत रडे आणि ठाण्यात त्याचे रडणे उर्दूत लिहिले जाई. १९४८ पर्यंत हे चालले. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ पर्यंत राज्यकर्त्यांच्या दप्तराची भाषा पोर्तुगीज होती. तेथील मनुष्याचे कोंकणी अथवा मराठी बोलणे परकी लिपीत व परकी भाषेत उतरे; आणि पुढे १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणीस राजभाषेचे स्थान देऊन मराठीचाही सरकारी कामासाठी वापर मान्य केला, तरी ठाण्याच्या लेखनावर इंग्रजीची छाया आहेच. बेळगाव १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. कर्नाटकातील ठाण्यांचा व्यवहार कन्नडात चालतो. त्या त्या राज्याने आपल्या भाषेत कारभार करावा हे न्याय्यच आहे, आणि सीमाभागातील कित्येक लेखनिक दोन्ही भाषा उत्तम जाणणारे असतात, हेही सांगितले पाहिजे. महाराष्ट्रातील ठाण्यात कन्नड अथवा तेलुगू भाषक फिर्यादी आला असता त्याची स्थिती काही वेगळी नसते. बडोद्यास महाराज सयाजीराव यांच्या प्रेरणेने १९३१ साली आठ भाषांतील शासनशब्दांचा कोश निघाला, याचे अशा वेळी कौतुक वाटते. शब्दाला शब्द देण्याची अडचण तेथे निदान ओळखली गेली होती.

येथे कायद्यातील एक उणीव आमच्या लक्षात येते. न्यायालयातील साक्षीच्या भाषेविषयी १९७३ च्या संहितेत स्वच्छ नियम होता. साक्षीदार न्यायालयाच्या भाषेखेरीज अन्य भाषेत बोलला तर शक्य असल्यास त्याच भाषेत लिहून घ्यावे, नाही तर खरे भाषांतर करून ते अभिलेखाचा भाग करावे, असे २७७ वे कलम सांगे. आरोपीच्या जबाबासाठी २८१ व्या कलमात तशीच काळजी होती. १५४ व्या कलमात मात्र भाषेविषयी अक्षर नाही. ‘वाचून दाखवावे’ एवढेच. कोणत्या भाषेत वाचून दाखवावे, ऐकणाऱ्यास ती समजली पाहिजे की नाही, याचा उच्चार नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हे कलम १७३ वे झाले, त्यात पुष्कळ नवे आले, परंतु भाषेचा विचार याही वेळी राहून गेला. न्यायालयात खटला उभा राहतो तो ज्या कागदाच्या पायावर, त्या पहिल्या कागदासच ही काळजी लागू नसावी, हे आम्हांस चमत्कारिक वाटते.

ज्यास सही करता येत नाही तो त्या कागदाखाली डाव्या हाताचा अंगठा उठवितो. या अंगठ्यानेच पोलीस दप्तराच्या इतिहासातील एक अत्यंत तेजस्वी प्रकरण घडविले आहे, आणि तेही खालच्या पायरीवरच्या माणसांच्या हातून. १८९० च्या सुमारास गुन्हेगार ओळखण्याची मान्य पद्धत म्हणजे फ्रान्सच्या बर्तियाँची शरीरमापनाची. तीत एक मोठा दोष होता. माप घेणारा हात बदलला की माप बदले. बंगालचे पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांना बोटांच्या ठशांचा मार्ग दिसला होता. पण ठसे हजारोंनी साठले तर त्यांतून हवा तो काढावयाचा कसा? हा प्रश्न शुद्ध दप्तराचा होता, आणि तो सोडविण्यात मोठा वाटा होता कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकलेले उपनिरीक्षक अझीझुल हक आणि त्यांचे सहकारी हेमचंद्र बोस यांचा.

आपल्याकडे बोटांवरचे शंख आणि चक्रे मोजण्याची हौस जुनी आहे. हक यांच्या युक्तीतही चक्रांचीच मोजणी आहे. दहा बोटांच्या क्रमाने पाच जोड्या करावयाच्या. पहिल्या जोडीतील बोटावर चक्र असेल तर त्यास १६ गुण, दुसऱ्या जोडीत ८, मग ४, २ आणि १. चक्र नसेल तर शून्य. प्रत्येक जोडीतील दुसऱ्या बोटांच्या गुणांची बेरीज अंशस्थानी, पहिल्या बोटांची छेदस्थानी, आणि दोहोंत एकेक मिळवावयाचा. ज्याच्या एकाही बोटावर चक्र नाही त्याचा अपूर्णांक १/१, दहाही बोटांवर चक्रे असली तर ३२/३२. अशा रीतीने बत्तीस गुणिले बत्तीस, म्हणजे १०२४ खण होतात. कपाटात तितके खण केले की ठशाचा कागद हाती घेऊन कारकून सरळ त्या खणाशी जातो. कोणाचे नाव विचारावे लागत नाही आणि खोट्या नावाने कोणी निसटत नाही. १८९७ साली सरकारने समितीकडून तपासणी करवून ही पद्धत स्वीकारली व कलकत्त्यास ठशांचे कार्यालय उघडले. १९०१ साली लंडनच्या स्कॉटलंड यार्डनेही ती घेतली. जगभर तिला हेन्रींचे नाव मिळाले. १९२६ साली हेन्रींनी एका पत्रात हक यांचा वाटा आपल्या हाताखालील इतर सर्वांपेक्षा अधिक होता, असे मोकळेपणाने मान्य केले. बोस यांनी पुढे ठशांचे वर्णन तारेने कळविण्याची सांकेतिक पद्धती बसविली. हक व बोस यांची नावे आपल्या शालेय पुस्तकांत यावयास हवीत, असे सहज जाता जाता सुचवावेसे वाटते.

या पद्धतीच्या यशाचे मर्म आमच्या विषयाशी निगडित आहे. येथे लेखनिकाच्या शब्दांस जागाच राहिली नाही. बोट स्वतःच लिहिते. कारकुनाने फक्त मोजावे आणि खणात ठेवावे. फिर्यादीचे तसे होत नाही. यंत्र आले तरी नाही.

यंत्राची कथा थोडक्यात सांगता येईल. गुन्ह्यांची देशव्यापी आकडेवारी १९५३ सालापासून वार्षिक रूपाने निघू लागली. १९८६ साली राष्ट्रीय गुन्हे अभिलेख केंद्र स्थापन झाले. २००९ साली केंद्र सरकारने देशातील ठाणी संगणकाने जोडण्याची दोन हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली, आणि वहीपुढे बसणारा लेखनिक संगणकापुढे बसू लागला. फिर्याद, घटनास्थळाचे वर्णन, अटक, जप्ती आणि अंतिम अहवाल यांचे नमुने ठरलेले आहेत, रकाने भरावयाचे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने, नाजूक स्वरूपाचे गुन्हे वगळून, प्रथम खबर चोवीस तासांत संकेतस्थळावर प्रसिद्ध करण्याचा आदेश दिला, त्यामुळे लेखनिकाचे वाक्य आता सर्वांच्या दृष्टीस पडू शकते. ही मोठीच सुधारणा होय. परंतु रकान्यांचाही एक हट्ट असतो. एका फिर्यादीत अनेक गुन्हे असले तर राष्ट्रीय आकडेवारीत त्यांतील सर्वांत गंभीर गुन्हाच मोजला जातो. बाकीचे मोजणीतून गळतात. नव्या संहितेने खबर इलेक्ट्रॉनिक साधनाने पाठविण्याचीही सोय केली. तीन दिवसांच्या आत ठाण्यात जाऊन सही केली म्हणजे ती नोंदली जाते. ज्यास स्वतः लिहिता येते त्यास त्यामुळे आपले शब्द जपता येतील. ज्यास येत नाही तो पूर्वीप्रमाणेच लेखनिकासमोर बसेल.

सीमेपलीकडील मराठी भाषकांस येथे एक जुना आधार आहे आणि तो पुष्कळांस ठाऊक नसतो. संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येक व्यक्तीस आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात अथवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे देण्याचा हक्क दिला आहे. तोंडी खबर लेखनिकाच्या भाषेत उतरते. लेखी खबर मात्र सही करून दिली की तिचा मूळ कागद हाच खबरीचा दस्तऐवज, आणि वहीत जातो तो तिचा सारांश. बेळगावचा अथवा निपाणीचा मनुष्य आपली तक्रार मराठीत लिहून, सही करून ठाण्यात देऊ शकतो. वहीतील नोंद कन्नडात झाली तरी मूळ मराठी कागद प्रकरणात राहतो आणि पुढे शब्दाबद्दल वाद झाला तर तो पाहता येतो. आमचे बरेचसे वाचक शिक्षक आहेत. गावात अर्ज लिहून मागावयास लोक त्यांच्याकडेच येतात. अशा वेळी सांगणाऱ्याचे शब्द शक्य तितके तसेच ठेवावेत. ते सुधारून ग्रांथिक करू नयेत.

राहता राहिला या कागदांच्या जतनाचा प्रश्न. सरकारी दप्तराची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. ‘अ’ कायम ठेवावयाचे आणि बाकीचे ठरावीक मुदतीनंतर नष्ट करावयाचे. पुण्याच्या दप्तरखान्यात पेशवाईचे रुमाल टिकले म्हणून कोतवालीविषयी आपण आज काही बोलू शकतो. निजामी अमलातील मराठवाड्याच्या ठाण्यांचे उर्दू कागद आणि गोव्यातील पोर्तुगीज कागद यांपैकी जे अभिलेखागारांत पोहोचले असतील, त्यांत मराठी तक्रारींचे मूळ अर्ज जोडलेले सापडण्याचा संभव आहे. उर्दू अथवा पोर्तुगीज आणि मोडी दोन्ही वाचणारी माणसे हैदराबादेस व पणजीस अजून आहेत, पण ती बहुतेक वयस्क आहेत. या कामास त्यांना आताच जोडून घेतले पाहिजे.